शस्त्रक्रियेनंतर आठ तासांनी छाती दाटून आली: स्तन पुनर्रचनेतल्या रक्तस्रावाचं एक प्रकरण

रुग्ण ४७ वर्षांच्या, माध्यमिक शाळेत शिक्षिका. डाव्या स्तनात दोन वेगवेगळ्या भागांत कर्करोगाच्या गाठी होत्या. त्यामुळे नुसती गाठ काढून भागणार नव्हतं, पूर्ण स्तन काढणं आलं. रक्तदाब थोडा जास्त, त्यासाठी रोज एक गोळी. मधुमेह नाही. तंबाखू नाही, मिश्रीही नाही. मिश्रीचं आम्ही मुद्दाम वेगळं विचारतो, कारण 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला मिश्री लावणाऱ्या बायका मनापासून 'नाही' म्हणतात आणि निकोटिन मात्र रक्तवाहिन्या आकसवतच राहतं. हिमोग्लोबिन ११.४, प्लेटलेट २ लाख ४० हजार, रक्त गोठण्याच्या चाचण्यांपैकी पीटी-आयएनआर १.०, एपीटीटी नॉर्मल. रुग्णाची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. रुग्णालय पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणचं, एवढं पुरे.

स्तन काढायचा आणि त्याच बैठकीत पोटाच्या खालच्या भागातली त्वचा आणि चरबी घेऊन नवा स्तन घडवायचा, असं ठरलं. इम्प्लांटचा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला होता. "बाहेरचं काही नको, माझंच असू दे," हे त्यांचं उत्तर. पोटाची चरबी स्तनासाठी वापरण्याची पद्धत कार्ल हार्ट्रॅम्फ यांनी १९८२ मध्ये मांडली, पण तिच्यात पोटाचा सरळ स्नायूही सोबत घ्यावा लागे आणि पोटाची भिंत कमकुवत होई. स्नायू जागच्या जागी ठेवून फक्त त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सोडवून घेण्याची वाट कोशिमा यांनी १९८९ मध्ये दाखवली आणि रॉबर्ट अ‍ॅलन यांनी १९९४ मध्ये ती स्तनासाठी रुळवली. अशा सोडवून घेतलेल्या त्वचा-चरबीच्या तुकड्याला फ्लॅप म्हणतात; हाच डीआयईपी फ्लॅप. तो पोटापासून पूर्ण सुटा होतो. बरगडीखालच्या इंटर्नल मॅमरी धमनीला आणि शिरेला त्याच्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक ९-० नायलॉनने जोडल्या की त्यात पुन्हा रक्त खेळतं. सगळा फ्लॅप जगतो तो दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या एका धमनीवर आणि एका शिरेवर. पुढे जे घडलं ते याच कारणाने गंभीर झालं.

शस्त्रक्रिया सकाळी साडेआठला सुरू झाली आणि संध्याकाळी पावणेसहाला संपली. अंदाजे ४०० मिली रक्त गेलं. साचणारं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, म्हणजे ड्रेन, छातीत दोन, पोटात दोन. संध्याकाळचं हिमोग्लोबिन ९.९. फ्लॅप उबदार, रंग पोटाच्या कातडीशी जुळणारा, रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या डॉपलर यंत्रावर धमनीचा ठोका स्पष्ट. कर्करोग, लांबलेली शस्त्रक्रिया आणि पडून राहणं, या तिन्हींमुळे पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका मोठा असतो. म्हणून रात्री साडेअकराला एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन त्वचेखाली दिलं. हा नेहमीचा प्रघात.

रात्र

दीडच्या सुमारास त्यांना मळमळायला लागलं आणि दोनदा जोराची उलटी झाली. त्या वेळी रक्तदाब १६८/९४. ऑन्डॅनसेट्रॉन दिलं, उलटी थांबली, रक्तदाब खाली आला. इथे प्रकरण मिटलं असंच कुणालाही वाटलं असतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्या सिस्टरना म्हणाल्या, "सिस्टर, छाती दाटल्यासारखी वाटतेय. आतून कुणी फुगवतंय असं." स्तन काढल्यावर तिथली त्वचा बधिर असते आणि फ्लॅपला तर संवेदना नसतेच. त्यामुळे या जागी 'ताण येतोय' अशी तक्रार आली की तिचं वजन जास्त धरावं लागतं. जखमेचं दुखणं म्हणून वेदनाशामक देऊन झोपवणं सोपं होतं. सिस्टरनी तसं केलं नाही. त्यांनी आधी ड्रेनकडे पाहिलं.

छातीच्या ड्रेनमध्ये तासागणिक ४०, ३५, ३० मिली असं येत होतं आणि शेवटच्या तासात फक्त ५. कागदावर हे चिन्ह सुधारणेचं. सिस्टरनी नळी बोटांत धरून वरून खाली पिळली, तेव्हा कलेजीच्या तुकड्यासारखी गडद गुठळी सरकत बाटलीत पडली आणि मागोमाग लाल रक्त. ड्रेन थांबला होता तो तुंबल्यामुळे, रक्त आतच साचत होतं. ड्रेन भरभरून वाहू लागला की सगळे धावतात, तो अचानक कोरडा पडला तर कुणाचं लक्ष जात नाही. स्तन काढल्यावर त्वचेखाली उरलेल्या पोकळीत अर्धा लिटर रक्त बाहेर काही न दाखवता मावतं.

मग रंग. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर हे जरा निराळं प्रकरण आहे. पुस्तकांतली चित्रं गोऱ्या त्वचेची, त्यात निळा पडलेला फ्लॅप लांबूनही ओळखू येतो. आमच्या रुग्णांत तो नुसता थोडा गडद दिसतो आणि वॉर्डच्या पिवळट उजेडात तर तेवढाही नाही. म्हणून पांढऱ्या उजेडाचा टॉर्च लावून फ्लॅपची तुलना पोटाच्या टाक्यांच्या वरच्या कातडीशी करायची, कारण दोन्ही त्वचा मुळात एकाच जागेच्या. इथे फरक दिसत होता. बोटाने दाबून सोडल्यावर रंग सेकंदाच्या आतच परत येत होता. त्वचा ताणलेली आणि बाहेरच्या, काखेकडच्या कडेला फुगवटा. निवासी डॉक्टरांनी बारीक सुई टोचली तर काळपट रक्त लगेच आलं. धमनी बंद पडली असती तर फ्लॅप फिका आणि गार झाला असता, दाबल्यावर रंग परतायला वेळ लागला असता, सुईला रक्तच आलं नसतं. इथे रक्त आत येत होतं, पण बाहेर पडायची वाट अडली होती.

डॉपलरवर ठोका अजून स्पष्ट होता. इथे पुष्कळ जण फसतात. शीर दबली तरी धमनी बराच वेळ रक्त ढकलत राहते, म्हणून यंत्र 'सगळं ठीक' असं सांगत राहतं. धमनीचा आवाज जातो तोवर बराच उशीर झालेला असतो.

नाडी ८६ वरून १०८. रक्तदाब १०४/६४, म्हणजे त्यांच्या नेहमीपेक्षा बराच कमी. तातडीने पाठवलेलं हिमोग्लोबिन आलं ९.६. संध्याकाळी ९.९ होतं, म्हणजे फरक जेमतेम. या आकड्यावर विसंबून थांबणं सर्वांत धोक्याचं ठरलं असतं. रक्त जातं तेव्हा पेशी आणि पाणी दोन्ही एकत्रच जातात. उरलेल्या रक्ताची घनता तीच राहते. सलाइन चढेपर्यंत किंवा शरीरातलं पाणी वाहिन्यांत ओढलं जाईपर्यंत आकडा उतरत नाही. ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन नेहमी मागून येतं. सोनोग्राफी केली नाही. निदान खाटेपाशीच झालं होतं आणि मशिन येईपर्यंतचा वेळ फ्लॅपच्या खात्यातून गेला असता.

निवासी डॉक्टरांनी फोनवर चार गोष्टी सांगितल्या: ताण, तुंबलेला ड्रेन, गडद रंग, वाढलेली नाडी. मी निघताना एवढंच सांगितलं की काखेकडचे तीन टाके तिथेच काढा आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) तयार करा. टाके निघताच कपभर काळं रक्त आणि गुठळ्या बाहेर आल्या. ताण थोडा उतरला. खाटेवर टाके काढताना तरुण डॉक्टरांचा हात कचरतो, ते स्वाभाविक आहे. पण दाब उतरवण्यासाठी ओटीची वाट पाहू नये. टाके पुन्हा घालता येतात.

त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. मी पोहोचलो तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "डॉक्टर, पुन्हा? हे जाईल का?" मी म्हटलं, "ताई, आत रक्त साचलंय आणि त्याने शीर दाबली गेलीय. लगेच उघडलं तर वाचण्याची शक्यता चांगली आहे. नाही वाचला तर तो काढावा लागेल, ते आत गेल्यावरच कळेल." त्यांनी स्वतः सही केली. मिस्टर बाहेर बाकावर होते. त्यांना सांगताना त्यांची वहिनीही उठून पुढे आली, आणि तिच्याकडून नंतर एक महत्त्वाची गोष्ट कळली.

ओटीत

तीन वाजून पाच मिनिटांनी भूल. पोट रिकामं धरता येत नव्हतं, म्हणून भूलतज्ज्ञांनी उलटी श्वासनलिकेत जाऊ नये अशा झटपट पद्धतीने नळी टाकली. सलाइन कोमट करून, अंगावर गरम हवेचं पांघरूण. शरीर गार पडलं की रक्त गोठण्याची प्रक्रियाच मंदावते, आणि गार अंगाने ओटीत आलेला रक्तस्राव थांबवणं दुप्पट अवघड जातं.

सगळे टाके उघडून गुठळ्या काढल्या, सुमारे साडेतीनशे ग्रॅम भरल्या. कोमट सलाइनने पोकळी धुतली. मायक्रोस्कोप लावला. शीर फुगलेली, काळी-निळी, पण जोड शाबूत आणि आत गुठळी नाही. शिरेची भिंत पातळ, आतला दाब अगदी कमी. बाहेरून गुठळीचं ओझं आलं की ती सहज चपटते. वरचं ओझं उतरल्यावर काही मिनिटांतच फ्लॅपचा रंग उजळू लागला. सुईच्या टोचणीला आता लाल रक्त. शिरेत गुठळी झाली असती तर जोड कापून, गुठळी काढून, पुन्हा शिवावं लागलं असतं, आणि यशाची खात्री बरीच कमी झाली असती.

रक्त कुठून येत होतं? पेडिकलच्या, म्हणजे फ्लॅपला जगवणाऱ्या वाहिन्यांच्या जोडीतल्या, धमनीची मिलिमीटरभर जाडीची एक बाजूची फांदी उघडी होती. तिच्यावर लावलेली क्लिप गुठळ्यांत सापडली. ती फांदी ८-० नायलॉनने बांधली. पेडिकलच्या आसपास साधी कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेने वाहिनी जाळून बंद करणारं उपकरण, वापरत नाही, कारण तिची उष्णता मुख्य वाहिनीपर्यंत पोहोचते. उष्णता आपल्या दोन टोकांतच ठेवणारा बायपोलर चिमटा आणि धागा, एवढीच हत्यारं.

एक जागा सापडली म्हणून लगेच बंद केलं नाही. भुलेखाली रक्तदाब ९५-१०० वर असतो, तेव्हा कोरडी दिसणारी जखम जागेपणी १४० वर पुन्हा वाहू लागते. भूलतज्ज्ञांना सांगून रक्तदाब त्यांच्या नेहमीच्या पातळीवर आणला, टेबल डोक्याकडे खाली केलं, आणि काही सेकंद फुप्फुसांत दाब धरला, म्हणजे खोकल्यावर होतो तसा. तेव्हा छातीच्या स्नायूच्या बाहेरच्या कडेला बरगड्यांमधून येणारी आणखी एक वाहिनी थुईथुई उडाली. दाब न वाढवता टाके घातले असते तर पहाटे आम्ही पुन्हा याच टेबलापाशी आलो असतो. अनेकदा पुन्हा उघडल्यावर एकही ठरावीक जागा सापडत नाही, सगळीकडून नुसता पाझर असतो. तेव्हाही गुठळ्या काढून पोकळी धुतल्यानेच बराचसा पाझर थांबतो, कारण गुठळी विरघळवणारी द्रव्यं त्या साचलेल्या रक्तातच असतात.

औषधांचा निर्णय खरा अवघड होता. एनॉक्सापॅरिनचा परिणाम इंजेक्शननंतर तीन ते पाच तासांत सर्वाधिक असतो, म्हणजे नेमका आम्ही आत असताना. त्यावरच्या उताऱ्याने, प्रोटामाइनने, तो काही अंशीच उतरतो, आणि नुकत्या जोडलेल्या दोन मिलिमीटरच्या शिरेत गुठळी व्हायला निमित्त मिळतं. प्रोटामाइन दिलं नाही. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड शिरेतून दिल्यास फ्लॅपच्या गुठळ्या वाढतात असं ठोस दिसलेलं नाही. तरीही दबून गेलेली शीर डोळ्यांसमोर असताना मी ते शिरेतून टाळलं. १ ग्रॅम सलाइनमध्ये मिसळून त्यात भिजवलेला गॉज पेडिकलपासून दूर, त्वचेच्या आतल्या बाजूला पाच मिनिटं ठेवला. दुसरा सर्जन कदाचित वेगळं करेल आणि तेही चुकीचं म्हणता येणार नाही. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनचं ड्रिप सुरू केलं नाही. एनॉक्सापॅरिनचा पुढचा डोस पुढे ढकलला, पायांना हवेने फुगून दाब देणाऱ्या पट्ट्या चालू ठेवल्या, आणि ड्रेन ताशी १० मिलीच्या खाली आल्यावर, पुन्हा उघडल्यानंतर साधारण ३६ तासांनी, तेच ४० मिलिग्रॅम पुन्हा सुरू केलं. रक्त थांबलं म्हणून ते कायमचं बंद करणं मला मान्य नाही. फुप्फुसात गेलेली गुठळी जीव घेते, फ्लॅप गेला तरी माणूस राहतो.

नवे ड्रेन टाकले, टाके सैल घातले. भूल उतरवताना खोकला आणि जोर येऊ नये म्हणून भूलतज्ज्ञांनी विशेष काळजी घेतली. उलटीवर दोन वेगवेगळी औषधं आधीच दिली.

नंतर

सकाळी सहाचं हिमोग्लोबिन ७.४. हा आदल्या रात्रीचा खरा आकडा, उशिरा पोहोचलेला. नाडी १०४. रक्तपेढीत दोन पिशव्या आधीच जुळवून ठेवलेल्या होत्या. त्यातली एक दिली, दुसरी परत गेली. ७ च्या वर आणि स्थिर असलेल्या रुग्णाला सहसा रक्त लागत नाही, पण ही आत्ताच रक्त गेलेली, नाडी चढलेली रुग्ण. एक पिशवी साधारण एक ग्रॅमने आकडा वाढवते. दुसऱ्या दिवशी ८.३ आलं. 'फ्लॅपला रक्त हवं, द्या तीन पिशव्या' ही जुनी सवय मी मोडायला लावतो. थोडं पातळ रक्त बारीक वाहिन्यांतून चांगलं वाहतं. उरलेली भर शिरेतून दिलेल्या लोहाने काढली.

फ्लॅप पूर्ण वाचला. स्तनाच्या मूळ त्वचेची काखेकडची दोन सेंटिमीटर कड काळी पडली. ताणाने तिचं रक्त तुटलं होतं. ती ड्रेसिंगवरच भरून आली. नवव्या दिवशी घरी, केमोथेरपी सहाव्या आठवड्यात सुरू. ती वेळेवर सुरू होणं हा माझ्या लेखी फ्लॅपइतकाच महत्त्वाचा निकाल होता. हिमॅटोमामुळे, म्हणजे आत साचलेल्या रक्तामुळे, जखम रेंगाळली की पुढचे उपचार लांबतात, आणि कर्करोग काही आपल्यासाठी थांबत नाही.

आता वहिनींनी सांगितलेली गोष्ट. शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी डोकं फार दुखत होतं, म्हणून रुग्णाने मेडिकलमधून विरघळणारी गोळी आणून दोन दिवस घेतली होती. ती अ‍ॅस्पिरिन. ते प्लेटलेटना जन्मभरासाठी निकामी करतं. प्लेटलेटचं आयुष्यच सात ते दहा दिवसांचं, म्हणून परिणामही तेवढाच टिकतो. प्लेटलेटची संख्या, पीटी, एपीटीटी यांत तो कुठेच दिसत नाही. 'रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का' या प्रश्नाला त्यांनी 'नाही' म्हटलं होतं, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. डोकेदुखीची गोळी वेगळी आणि हृदयाची वेगळी.

पण सगळा दोष त्या गोळीवर टाकणं मला पटत नाही. कित्येक मायक्रोसर्जन फ्लॅपनंतर अ‍ॅस्पिरिन स्वतःहून देतात. नुसत्या अ‍ॅस्पिरिनने बांधलेली धमनी सुटत नाही. उलटीच्या जोराने रक्तदाब १६८ वर गेला, क्लिप सुटली, प्लेटलेट अर्धवट काम करत होत्या आणि एनॉक्सापॅरिन चढतं होतं. यातली एकच गोष्ट असती तर कदाचित रक्त थोडं पाझरून थांबलं असतं. त्यामुळे भूल देताना उलटी रोखण्याची तयारी आणि संध्याकाळी रक्तदाबाची गोळी वेळेवर देणं, या दोन गोष्टींना मी अ‍ॅस्पिरिनपेक्षा वरची जागा देईन.

आता आमच्याकडे विचारणा अशी होते: गेल्या दहा दिवसांत डोकं, दात, कंबर, गुडघा, पाळीचं दुखणं यांवर कोणती गोळी, कोणाकडून? काढा, कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या? घरात असलेल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून आणा. त्यासोबत, दात काढल्यावर किती वेळ रक्त गेलं आणि पाळीत किती जातं, हेही. व्हॉन विलेब्रँड नावाचा, रक्त गोठवणाऱ्या एका घटकातला जन्मजात दोष सौम्य असेल तर पीटी-एपीटीटी नॉर्मलच येतात, आणि त्याचा सुगावा याच उत्तरांतून लागतो.

घरी जाताना ड्रेन असलेल्या प्रत्येक रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला काही गोष्टी तोंडी आणि लिहून देतो. ड्रेनचं रोजचं माप वहीत लिहायचं. चोवीस तासांत रंग फिका होत जायला हवा, पुन्हा ताजा लाल आला तर फोन. एका बाजूला अचानक फुगवटा, घट्टपणा, जांभळा पट्टा आला, किंवा ड्रेन एकाएकी बंद पडून छाती दाटली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता यायचं. शेकायचं नाही, मालीश नाही. इम्प्लांट टाकलेल्यांना तर हे जास्तच सांगावं लागतं, कारण तिथे रंग बदलून इशारा देणारा फ्लॅप नसतो. साचलेलं रक्त तसंच राहिलं तर पुढे संसर्गाचा आणि इम्प्लांटभोवतीचं वेष्टन आवळून घट्ट होण्याचा धोका वाढतो. लहान, स्थिर आणि न दुखणारा हिमॅटोमा मात्र नुसता पाहत राहता येतो. दहाएक दिवसांनी तो पातळ झाला की सोनोग्राफीखाली सुईने काढता येतो. फ्लॅपखाली वाढणाऱ्या हिमॅटोमाला ही सवलत नाही.

व्हॉन विलेब्रँडची तपासणी लगेच केली नाही, कारण शस्त्रक्रियेनंतर हा घटक आपोआप वाढलेला असतो आणि दोष झाकला जातो. आठव्या आठवड्यात केली, ती नॉर्मल आली. केमो संपून टॅमॉक्सिफेन हे कर्करोग परत येऊ नये म्हणूनचं हार्मोनविरोधी औषध सुरू झालं आहे. त्याने गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते, म्हणून स्तनाग्राच्या छोट्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी ते थांबवायचं की चालू ठेवायचं, हे कर्करोगतज्ज्ञांशी बोलून ठरेल. त्या भेटीला बाई स्ट्रिपांची पिशवी घेऊन येणार आहेत.